गेमिंगसाठी काचेचा माऊसपॅड घ्यावा का? मित्र म्हणतो, त्याने एम (नेम) बिघडतो.

घ्या. आधी मित्राला विचारणं बंद करा, मग घ्या.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. तुमचा माऊस काचेवर चालेल का, आणि मित्र म्हणतो तसा एम बिघडेल का. पहिल्याचं उत्तर तुम्हाला कुणीही देईल. दुसऱ्याचं मी देते, कारण तुमच्या त्या मित्रासारखा एक माणूस माझ्या नात्यातच आहे. माझा मामेभाऊ. मी त्याला लहानपणापासून दादा म्हणते, आणि मग आमच्या काऊंटर-स्ट्राईक या शूटिंग गेमच्या टीममधले बाकीचे तिघेही दादाच म्हणायला लागले. कॅप्टनही तोच होता.

"काच म्हणजे हल्लीचं खूळ" हे त्याचं ठरलेलं वाक्य. रेझर कंपनीचा काचेचा अ‍ॅटलस पॅड 2023 मध्ये आला आणि मग सगळीकडे काचच काच दिसायला लागली, त्यामुळे बऱ्याच जणांना तसं वाटतं. पण डेन्मार्कमध्ये 2001 साली सॉफ्ट ट्रेडिंग नावाची कंपनी निघाली, तिने सुरुवातीलाच जे बाजारात आणलं ते आईसमॅट, म्हणजे काचेचाच पॅड. बॉलवाले माऊस अजून टेबलांवरून गेलेही नव्हते तेव्हाची ही गोष्ट. 2007 मध्ये याच कंपनीने स्टीलसिरीज हे नाव घेतलं. दादा ज्या क्यूसीकेवर हात ठेवून काचेला नावं ठेवायचा, तो कापडी पॅड याच कंपनीचा. हे मी त्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तो म्हणाला, "बघ, त्यांनीसुद्धा शेवटी कापडच धरलं ना?" आता याला काय बोलणार? (मुद्दा तसा बरा होता, पण मी तो त्याला कळू दिला नाही.)

दुसरा आरोप, काचेवर सेन्सर चुकतो. हा मात्र अगदीच हवेतून आलेला नाही. ऑप्टिकल माऊसच्या पोटात एक बारकासा कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारो फोटो काढतो आणि एका फोटोतला खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला यावरून माऊस किती हलला ते ठरवतो. टेबलावरच्या साध्या पारदर्शक काचेत टिपण्यासारखं काही नसतंच, म्हणून कर्सर एक तर उड्या मारतो नाहीतर ढिम्म हलत नाही. लॉजिटेकने 2009 मध्ये डार्कफील्ड हे सेन्सर तंत्रज्ञान आणलं ते याचसाठी, आणि तिथेही काच किमान 4 मिलिमीटर जाड हवी ही अट होती. पण गेमिंगचा काचेचा पॅड म्हणजे टेबलाची काच नव्हे. त्याचा वरचा थर मुद्दाम खरवडलेला असतो. बोट फिरवलं तर बारीक खरखर लागते. सेन्सरला तेवढं पुरतं. पिक्सआर्टचा 3360 आणि त्यानंतरचे गेमिंग सेन्सर, लॉजिटेकचा हिरो, हे चांगल्या पॅडवर सहसा व्यवस्थित चालतात. तुमचा माऊस कुठला ते तुम्ही लिहिलेलंच नाही, त्यामुळे यापुढे मी तरी काय सांगणार? पॅड आल्यावर पेंट उघडून सावकाश गोल काढून बघा. रेघ सलग आली तर ठीक. थरथरली किंवा मधेच तुटली तर पॅड परत करा, नाहीतर माऊस बदला.

आता एमचं.

आमची एका छोट्या ऑनलाईन टूर्नामेंटची मॅच होती. मिराज मॅप, आम्ही सीटी, म्हणजे ए आणि बी या दोन जागांवर बॉम्ब लागू न देणारी बाजू, स्कोअर 11-12. हा राऊंड गेला की मॅच गेली. दादाला एच्या बाजूला पावलं ऐकू आली आणि त्याने सगळ्यांना तिकडे ओढलं. बीवर मी एकटी. मी म्हटलं, "दादा, अपार्टमेंट्समध्ये आवाज येतोय." तो म्हणाला, "फेक आहे गं, तू नुसतं धरून ठेव." त्या फेकमधून चौघे बाहेर आले.

माझ्या हातात एम4ए1-एस रायफल. ज्यांनी ती वापरलीय त्यांना माहीत आहे, मॅगझीनमध्ये 20 गोळ्या, संपल्या की संपल्या. पहिला अपार्टमेंट्समधून खाली उतरतानाच पडला. दुसरा बेंचच्या आड जायच्या आत. तिसऱ्याच्या डोक्यावर क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, नेला आणि बंदूक नुसती टिक् टिक् करायला लागली. पिस्तूल काढेपर्यंत मी आडवी. बॉम्ब लागला. एवरून आमचे चौघे एकेक करून आले आणि एकेक करूनच मेले.

हेडफोनमध्ये क्षणभर कोणी बोललं नाही. मग दादा: "आधी ती काच फेकून दे."

सगळ्यांना एवर न्यायचा कॉल कोणाचा होता, माणसं कुठे होती, बीवर आवाज येतोय हे कोणी सांगितलं होतं, याबद्दल चकार शब्द नाही. काच! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे नाचत होते मी आणि अंगणाला नावं ठेवत होता तो.

त्याच रात्री मी डेमो, म्हणजे मॅचचं रेकॉर्डिंग, उघडला, तो राऊंड अगदी संथ करून फ्रेम फ्रेम पाहिला आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. तिसऱ्याच्या कपाळावर क्रॉसहेअर, आणि खाली उजव्या कोपऱ्यात गोळ्यांच्या जागी शून्य. याहून स्पष्ट पुरावा काय असतो? दादाचं उत्तर आलं, "मग आधीच्या 20 वाया कशाने गेल्या? काचेनेच ना." चौघांसमोर उभं राहून 20 गोळ्यांत दोघांना पाडलं, ते वाया. आणि कापडावर खेळणाऱ्या चौघांनी त्या राऊंडमध्ये मिळून एकालाही मारलं नाही, ते बहुधा कापडावर मिळणारा कंट्रोल. मी हे असंच्या असं लिहिलं होतं. त्यानंतर ग्रुपवर बराच वेळ फक्त अंगठे येत होते.

कापडावर माऊस थांबतो कसा, ते जरा नीट बघा. कापडाखाली रबराचा मऊ थर असतो. फ्लिकच्या, म्हणजे माऊस झटक्यात फिरवण्याच्या, शेवटी बहुतेक लोक नकळत माऊस खाली दाबतात, माऊसचे पाय विणीत रुततात आणि माऊस थांबतो. म्हणजे थांबवायचं अर्धं काम पॅड करतो. काच दाबली जात नाही. तिच्यावर कितीही जोर दिला तरी फारसा फरक पडत नाही, तिथे बोटांनी आणि मनगटानेच थांबवावं लागतं. कापडावरची सवय असलेला माणूस काचेवर आला की पहिले काही दिवस प्रत्येक टार्गेटच्या पुढे जातो, आणि तेवढ्यावर पॅडला नापास करून मोकळा होतो. कॅरमला पावडर जास्त झाली म्हणून सोंगटी हुकली म्हणणारे असतात ना, त्यातला प्रकार.

काचेवर मिळतं काय, तर माऊस जागचा हलवायला जोर कमी लागतो. कापडावर थांबलेला माऊस हलवताना आधी एक बारीकसा अडथळा जाणवतो आणि तो सुटला की माऊस हवा त्याहून जास्त सरकतो. लांबच्या माणसाच्या डोक्यावर दोन-तीन पिक्सेल सरकायचं असेल तेव्हा हे फार नडतं. काचेवर तो अडथळा जवळजवळ नसतो. शिवाय कापडाची वीण एका दिशेला एक आणि दुसऱ्या दिशेला दुसरीच लागू शकते, दमट हवेत कापड जड होतं, आणि वापरून वापरून मधला भाग चकचकीत होऊन कडेच्या भागापेक्षा वेगळा चालतो. काच उन्हाळ्यात, पावसाळ्यात सारखीच. दादाच्या क्यूसीकेच्या मधोमध तर तळहाताएवढा काळपट, गुळगुळीत डाग पडला होता आणि हे गृहस्थ मला कंट्रोल शिकवत होते.

"मग प्रो खेळाडू कापड का वापरतात?" हा त्याचा हुकमी प्रश्न, तुमचा मित्रही विचारेलच. वापरतात, हे खरं आहे. बहुतेक जण कापडावरच वाढलेत, कापड गुंडाळून बॅगेत टाकता येतं, आणि ज्याचं पोट यावर चालतं तो भर सीझनमध्ये हाताची सवय मोडत बसत नाही. मीही बसले नसते. पण प्रो काय वापरतात हे जर एवढं महत्त्वाचं, तर त्यांचे कॅप्टन बीवर एकटं माणूस सोडून चौघांना एवर नेतात का, हेही बघायला हवं की नाही?

असो. तुमच्या प्रश्नाकडे येते.

अपेक्स किंवा ओव्हरवॉचसारखं काही खेळत असाल, जिथे एका माणसावर बराच वेळ क्रॉसहेअर ठेवून त्याच्या मागे मागे फिरावं लागतं, तर काच डोळे मिटून घ्या. व्हॅलोरंट किंवा सीएस (काऊंटर-स्ट्राईक) असेल तर फायदा कमी आहे, तिथे कोपरा धरून बसायचं आणि एकदाच हलायचं असतं. मी तरी काचेवरच खेळते, पण ते मी खेळते म्हणून, त्यातून नियम काढू नका. सवय होईपर्यंत सेन्सिटिव्हिटीला, म्हणजे माऊस हलवल्यावर क्रॉसहेअर किती सरकतो त्या सेटिंगला, हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं की बिघडलं कशाने ते कळत नाही, आणि मग शेजारी एखादा दादा बसलेला असतोच सांगायला. एम लॅब किंवा कोव्हाक्स या नेमाच्या सरावाच्या प्रोग्रॅममध्ये रोज थोडा वेळ फक्त थांबायचा सराव करा, लहान टार्गेटवर, सावकाश. वेग आपोआप येतो.

आता काचेच्या खोड्या. दादाने यातली एकही कधी काढली नाही, कारण त्याने माझ्या पॅडला हातसुद्धा लावला नव्हता.

सगळ्यात मोठा त्रास माऊसच्या पायांचा. माऊसखालचे पांढरे पीटीएफईचे, म्हणजे टेफ्लॉनचे, पाय काचेच्या त्या खरखरीवर कापडापेक्षा कितीतरी लवकर झिजतात. जुने झाले की माऊसची प्लास्टिकची बूड घासायला लागते आणि आवाज असा येतो की दात आंबतात. बदली पाय आणूनच ठेवा. ठिपक्यांसारखे छोटे गोल मिळतात, ते बरे पडतात, त्यातही जरा कडक प्लास्टिकचे जास्त टिकतात. काचेचे पाय मात्र काचेच्या पॅडवर लावू नका, दोन्हींवर ओरखडे येतील.

घाम. माऊस सरकतो आणि हात चिकटतो, हा काचेचा खरा विनोद. कोपरापासून हात हलवून खेळत असाल तर बाही लागेलच, आर्म स्लीव्ह म्हणतात ती. मनगटावर खेळणाऱ्यांना एवढं जाणवत नाही.

धूळ, केस, बिस्किटाचा कण, कापडावर यातलं काही कळत नाही. काचेवर एक कण पायाखाली आला की कर्रर्र. मी खेळायला बसायच्या आधी मायक्रोफायबरने पुसते आणि मधेही एकदा पुसते. बोटांचं तेल साचलं की मधला भाग जड लागतो, तेव्हा किंचित ओल्या फडक्याने पुसायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. आवाज तसाही कापडापेक्षा जास्तच. माईक उघडा ठेवत असाल तर टीमला तुमची प्रत्येक फ्लिक ऐकू जाईल. थंडीत पहिली पाच मिनिटं हात ठेववत नाही.

माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये पृष्ठभागाप्रमाणे कॅलिब्रेट करायची सोय असेल तर नव्या पॅडवर ती एकदा करून घ्या आणि लिफ्ट-ऑफ, म्हणजे माऊस किती उचलला की सेन्सर थांबतो ते अंतर, कमीत कमी ठेवा. काचेवर माऊस उचलून मागे ठेवताना कर्सर हलत असेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. पृष्ठभाग बदलला की तेवढ्याच डीपीआयला (माऊसच्या संवेदनशीलतेच्या मापाला) कर्सर किंचित कमी-जास्त सरकू शकतो. तो तुमचा भ्रम नसतो.

आणि काच कडक केलेली, म्हणजे टेम्पर्ड आहे ना ते बघून घ्या. वरून सपाट दाब ती सहज सोसते, पण कडेला कठीण काही आपटलं तर अख्खा पॅड बारीक तुकड्यांत फुटू शकतो. राऊंड हरल्यावर टेबलावर मूठ मारायची सवय असेल तर कापडच घ्या.