वाचकांचे प्रश्न : गावाचा वर्धापनदिन नेमका कधी?

गावोगावची इतिहास मंडळे, वाचनालये आणि ग्रामस्थ समित्या यांच्याकडून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. निम्म्याहून अधिक पत्रे तारखेच्या घोळाबद्दल असल्याने सुरुवात तिथूनच.

प्रश्न : आमची पेठ वसवल्याच्या मोडी सनदेवर ‘सु॥ समान सबैन मया व अलफ, छ ५ मोहरम’ असे आहे. बाजूला शके १६९९ अशीही नोंद आहे. दोन्हींवरून १७७७ साल निघते. म्हणून २०२७ मध्ये २५० वर्षांचा सोहळा ठरवला आहे. बरोबर आहे ना? (एक ग्राम-इतिहास मंडळ, सातारा जिल्हा)

नाही. सोहळा एक वर्ष अलीकडे ओढला गेला आहे. दोन्ही नोंदी एकच साल देतात म्हणून तुमची खात्री पटली, पण दोन्हीकडे चूक एकाच कारणाने झाली आहे.

‘सु॥’ म्हणजे सुहूर सन. त्यातले आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात आणि तो मृगसाल असतो. तो जानेवारीत नव्हे, तर मृग लागताना, म्हणजे मे-अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास बदलतो. समान ८, सबैन ७०, मया १००, अलफ १०००, एकूण ११७८. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या कागदाला ६००. शकाचेही तसेच. पाडव्यापासून डिसेंबरपर्यंत ७८, जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९.

तेव्हा महिना कोणता हे आधी पाहायला हवे. ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात हिजरी महिन्याची चांद्रतारीख. काही नवशिके वाचक तो सहाचा आकडा समजून तारीखच बदलून टाकतात. ११७८ या सुहूर सनात येणारा मोहरम हिजरी ११९२ चा आहे आणि तो जानेवारी १७७८ च्या अखेरीस लागला. ५ मोहरम म्हणजे फेब्रुवारीचा पहिला आठवडा, माघ शुद्ध पक्ष. म्हणून ११७८ अधिक ६०० आणि १६९९ अधिक ७९, दोन्ही बेरजा १७७८. तुमची २५० वर्षे फेब्रुवारी २०२८ मध्ये पूर्ण होतील. नेमका दिवस ठरवताना जंत्री पाहा आणि चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो हे धरून चाला.

कागदात संवत्सराचे नाव असेल तर पडताळा सोपा आहे. शकात १२ मिळवून ६० ने भागायचे. बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. तुमच्या १६९९ मध्ये १२ मिळवून १७११ होतात; त्यांना ६० ने भागून ३१ उरतात, म्हणजे हेमलंबी. कागदात दुसरे नाव असेल तर शक तरी चुकीचा वाचला आहे किंवा नक्कलकाराने घोटाळा केला आहे. सर्वांत जास्त गफलत खमस (५) आणि खमसैन (५०), सबा (७) आणि सबैन (७०) या जोड्यांत होते. एककाच्या जागी ‘-ऐन’ वाचले गेले, तर पुन्हा नीट पाहा.

इंग्रजी वखारीचे पत्र आधार म्हणून घेणार असाल तर आणखी एक खाच आहे. १७५२ पर्यंत इंग्रज जुनी दिनगणना वापरत आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला बदले. त्यांच्या कागदावरचा ‘फेब्रुवारी १६७०’ आपल्या हिशेबाने १६७१ असू शकतो. पोर्तुगीजांनी नवी गणना १५८२ मध्येच स्वीकारली होती, त्यामुळे त्याच सुमाराच्या गोव्याच्या पत्रातली तारीख दहा दिवसांनी पुढे दिसते.

प्रश्न : शताब्दी ‘सुरू’ होते तेव्हा साजरी करायची की ‘पूर्ण’ होते तेव्हा? (सार्वजनिक वाचनालय, रत्नागिरी जिल्हा)

दोन्ही चालते, फक्त पत्रिकेवर जे छापाल ते खरे असू द्या. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० ची. त्याचे शंभरावे वर्ष ७ जुलै २००९ ला लागले आणि शतकपूर्ती ७ जुलै २०१० ला झाली. रायगडावर २ जून २०२३ ला झालेला सोहळा ३५० व्या वर्षाच्या प्रारंभाचा होता, कारण राज्याभिषेक १६७४ चा. तारखेने ६ जून, तिथीने ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. तिथी धरणार असाल तर अधिक महिन्याकडे लक्ष ठेवा. २०२६ मध्ये, शके १९४८ ला, अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून त्या वर्षीची ज्येष्ठातली तिथी त्यानंतरच्या निज (नेहमीच्या) महिन्यात धरायची. मंडप आणि सभागृह दिनदर्शिकेवर नुसते ‘ज्येष्ठ’ वाचून ठरवले तर महिनाभर आधीचे भाडे अंगावर पडेल.

प्रश्न : वर्धापनदिनापूर्वी वेशीजवळचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) रंगवून उठावदार करावेत असा ठराव झाला आहे. कोणता रंग टिकेल? (ग्रामस्थ समिती, अहिल्यानगर जिल्हा)

कोणताही लावू नका. ऑइलपेंटने दगडातला ओलावा बाहेर पडायचा मार्ग बंद होतो, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि थरासकट नक्षी सुटून येते. बुडाशी सिमेंटचा ओटा बांधणे त्याहून वाईट, कारण सिमेंटमधले क्षार खालून वर चढतात. आधीचा रंग असेल तर तारेचा ब्रश, आम्ल किंवा ग्राइंडर नको. जाणकार संवर्धकाला विचारून मगच हात लावा. शेंदूर लावून पुजला जाणारा दगड आहे तसाच राहू द्या. तो प्रश्न लोकांच्या श्रद्धेचा आहे, आणि तो ठरावाने सुटत नाही.

धूळ आणि शेवाळ नारळाच्या काथ्याच्या मऊ कुंच्याने साध्या पाण्यात घासा, साबण नको. अक्षरे वाचायची असतील तर त्यांत चुना किंवा खडू भरू नका. भरणारा आपल्याला वाटते ते अक्षर भरतो आणि पुढच्याला तेच वाचावे लागते. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरका धरा आणि डावीकडून, उजवीकडून, वरून असे तीन वेळा फोटो घ्या. एका फोटोत लपलेली काना-मात्रा दुसऱ्यात दिसते.

कागदी ठसा घ्यायचाच असेल तर फोटो झाल्यावर. ओला कागद दगडावर बसवून कुंच्याने मधून कडेला ठोकायचा. तो निम्मा वाळला की शाईची पुरचुंडी हलक्या हाताने टेकवायची. घाई केली तर शाई पाझरून दगडावर डाग पडतो. संरक्षित स्मारक असेल तर आधी पुरातत्त्व विभागाची परवानगी हवी.

वीरगळ हलवण्याचा मोह टाळा. हलवणे भाग पडलेच तर जागा, तोंडाची दिशा आणि शेजारच्या दगडांपासूनचे अंतर मोजून लिहून ठेवा.

प्रश्न : प्रदर्शनासाठी जुन्या घराण्यांकडून दफ्तरे (जुन्या कागदांचे गठ्ठे) मिळणार आहेत. ती लॅमिनेट करून मांडावीत का? (इतिहास मंडळ, धुळे जिल्हा)

लॅमिनेशन कधीच नको. ते उष्णतेने चिकटते आणि काढता येत नाही. सेलोटेपही नको. मोडी कागदांची काळी शाई बहुधा काजळी आणि डिंकाची असते, ती पाण्याने पुसली जाते. ओल्या फडक्याने ‘स्वच्छ’ केलेला कागद कोरा होतो.

दफ्तर घेताना दोन प्रतींत पावती करा. कागदांची संख्या, प्रत्येकाचे माप, फाटके-कुरतडलेले काय आहे, परत देण्याची तारीख आणि छायाचित्र वापरण्याची परवानगी त्यात यावी. परतीच्या वेळी वाद होतो तो संख्येवरून, म्हणून नोंद दफ्तराची नव्हे, एकेका कागदाची करा.

स्कॅन किमान ३०० डीपीआयने, बारीक मोडी असेल तर ६०० ने. पाठीमागची बाजूही घ्या. कागद ‘बार’ झाल्याची, म्हणजे दफ्तरात नोंदून रवाना झाल्याची, नोंद आणि जोडावरचे शिक्के बहुधा तिथेच असतात. मांडायला छापील प्रतिकृतीच ठेवा. मूळ कागद दाखवायचाच असेल तर काचेखाली, एखाद-दुसरा दिवस, ५० लक्सच्या आसपासच्या उजेडात. ट्यूबखाली महिनाभर नको.

दफ्तर बांधायचा जुना लाल रुमाल पुन्हा वापरू नका. दमट हवेत त्याचा रंग कागदाला लागतो. मांजरपाट चालेल, पण आधी धुऊन खळ काढा, नाहीतर कसर आधी कापड खाईल आणि मग कागद.

प्रश्न : स्मरणिका १०० पानांची करावी का?

डेमी १/८ या आकारात फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घालायचा पानांचा संच, १६ पानांचा असतो. ९६ पानांत सहा फर्मे बसतात; १०० केलीत तर चार पानांसाठी वेगळी छपाई करावी लागते. जाहिराती शेवटी येतात, म्हणून मजकूर ८० पानांत आटपा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. बहुतेक मंडळे हे विसरतात आणि पन्नास वर्षांनी स्वतःचीच स्मरणिका शोधत फिरतात.

प्रश्न : मंडपासाठी मैदान सपाट करताना नाण्यांचे गाडगे सापडले. काही सदस्यांनी नाणी वाटून घेतली आहेत.

सगळी नाणी आजच परत गोळा करा. गुप्तनिधी अधिनियम, १८७८ नुसार १० रुपयांपेक्षा अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. ठेवा कसला आहे, अंदाजे किती आहे, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडला, हे त्यात लिहा. गाडगेही जपून ठेवा, आणि नाणी चिंचेने घासू नका.