आईचं जेवण किती वाजता होतं?

मिनेसोटा विद्यापीठात एमएसच्या पहिल्या वर्षाला असलेल्या सांगलीच्या एका मुलीचं पत्र आहे. ती लिहिते: "मिनिॲपोलिसमध्ये उणे वीस म्हणजे काय ते कळलं. बसस्टॉपवर नाकातलं पाणी गोठतं. उठते तोवर दिवस संपत आलेला असतो, सूर्य बघून आठवडा झाला. रूममेट घुमी आहे. सारखं रडू येतं. दुपारी आईचं जेवण, भांडी उरकली की आम्ही तासभर बोलतो. आजीचं आणि तिचं पटत नाही, मी सोडून तिला कोण आहे? हिवाळ्यातल्या उदासीवर समोर लावून बसतात तो दहा हजार लक्सचा प्रखर दिवा घेऊ, की सरळ परत येऊ?"

अगं, थंडीवर तू दोन पानं लिहिलीस आणि आईच्या जेवणावर एक ओळ. मी त्या ओळीपाशीच अडले. दुपारी म्हणजे कुणाच्या दुपारी? हिवाळ्यात तुझं घड्याळ आपल्या साडेअकरा तास मागे. सांगलीत दोन वाजता आई ओटा पुसून आडवी होते, तेव्हा तुझ्याकडे रात्रीचे अडीच. फोन ठेवेपर्यंत साडेतीन. झोप लागणार चारला, उठणार बाराला. डिसेंबरात तिथे पावणेआठला उजाडतं आणि साडेचारला मावळतं. त्यातला अर्धा दिवस तू पांघरुणात काढतेस, उरलेला लॅबमध्ये. सूर्य मिनेसोटाने नाही पळवला, बाई.

आणि तुझी आई. चार महिन्यांत तिने एकदा तरी विचारलं का, "तू झोपतेस कधी गं?" पत्रात तर दिसलं नाही. साडेअकरा तासांचा हिशेब तिला जमत नाही असं मला सांगू नकोस. भिशीचे हप्ते तोंडपाठ असणाऱ्या बायका आपण. सासू-सुनेचं गाऱ्हाणं ऐकायला लेक रात्री अडीचला जागी असते, हे तिला ठाऊक आहे. सोयीचं आहे, म्हणून चाललंय.

तेव्हा फोनची वेळ बदल. तिच्या रात्री साडेआठला, म्हणजे तुझ्या सकाळी नऊला. तोही खोलीत बसून नाही, बाहेर चालत. आजी आणि बाबा समोर असतील, तिला मनातलं बोलता येणार नाही. नाही आलं तर नाही. मालिका चुकते म्हणेल, चुकू दे. रात्री अडीचला फोन बंद.

तिकडची एक गंमत तुला अजून कळलेली नाही. हाडं गोठवणारी थंडी पडते ती बहुधा निरभ्र दिवशीच, ढग आले की उलट जरा ऊब असते. त्यात ताजा बर्फ अंगावर पडलेला बहुतेक उजेड परत फेकतो, डोळे दिपतात. वीस मिनिटं पुरेत. पाच बोटांचे हातमोजे नकोत, सगळी बोटं एकत्र राहतात ते घे. गारठ्यात बॅटरी झपकन उतरते, म्हणून फोन कोटाच्या आतल्या खिशात आणि इअरफोन टोपीखाली. अतिथंडीचा इशारा असेल त्या दिवशी बाहेर जाऊ नकोस. विद्यापीठातले भुयारी रस्ते आणि इमारतींना जोडणारे पूल आहेत, तिथे चाल.

दिवा घ्यायचा तर घे. पण तो सकाळी उठल्याउठल्या अर्धा तास समोर ठेवायचा असतो. दुपारी साडेबाराला लावलास तर शरीर तीच सकाळ समजेल. पंधरा दिवस वेळेवर उठूनही रडू थांबलं नाही, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा, लाजू नकोस. परत यायचं का, ते मला त्यानंतर विचार. पहाटे चारला घेतलेल्या निर्णयांवर माझा विश्वास नाही.

आईला आजच मेसेज टाक: "उद्यापासून रात्री साडेआठ." पहिल्या दिवशी फोन मिनिटभर खिशातून काढ आणि कॅमेरा उलटा करून तिला रस्ता दाखव. चार महिने झाले, तिने तुझी सकाळ पाहिलेलीच नाही.