उघडून वाचलंस का?

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्री साडेबाराचा, मी सकाळी वाचला. मण्यार सापाच्या विकिपीडिया लेखात तीन परिच्छेद टाकलेस, दोन संध्याकाळी घालवल्यास आणि पाऊण तासात कुणीतरी ते उलटवलं, म्हणजे काढून लेख पहिल्यासारखा केला, तर आता मराठी विकिपीडियाचा नाद सोडू का, इंग्रजीत लिहू का, की सगळंच गुंडाळून पीजीच्या तयारीला लागू, असे तीन प्रश्न एका दमात. पीजीचं मी काही बोलणार नाही, ते तुझं तुला कळतं. बाकीच्या दोनांसाठी हे पत्र, आणि ते लांबणार आहे.

लेखाच्या जुन्या आवृत्त्या दिसतात त्या इतिहास टॅबमध्ये जाऊन मी तुझं उडवलेलं लिखाण वाचलं. खाली पाच संदर्भ दिलेत. पाचही उघडले. एकाची लिंकच मेलेली, दोन बातम्या, आणि चौथा पेपर श्रीलंकेतल्या रुग्णांवरचा आहे रे, तू मात्र वाक्यात 'महाराष्ट्रात' असं घातलंयस. इंग्रजी लेख एआयला देऊन भाषांतर करून घेतलंस हे तू स्वतःच सांगितलंस, ते मला आवडलं, भाषांतराला माझा विरोधही नाही. पण वाक्याबरोबर संदर्भाचा आकडाही आपोआप उचलला गेला आणि त्या आकड्याच्या मागे काय आहे ते तू पाहिलंच नाहीस. उघडून वाचलंस का? एवढंच विचारायचंय मला. ज्याने उलटवलं त्यालाही बहुतेक एवढंच विचारायचं होतं, त्याने ते दोन शब्दांत आणि कोरडेपणाने विचारलं, 'संदर्भ पाहा'. तुला टोचलं. मलाही टोचलं होतं, ते पुढे सांगते.

आधी भिंतीची गोष्ट. १९९४ साली मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होते. पावसाळा तोंडावर आला की साप-विंचवाची भीती, म्हणून केंद्राच्या रस्त्याकडच्या भिंतीवर माहिती रंगवून घ्यायची ठरलं. पेंटर शिडीवर, मी खाली छत्री घेऊन उभी, तोंडाने सांगत होते आणि तो निळ्या ऑइलपेंटने लिहीत होता. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, अजून एका ओळीची जागा आहे." मी म्हटलं, लिही, "चाव्याच्या वर चार बोटं सोडून घट्ट बांधा." कपाटात पुस्तक होतं, दहा पावलांवर. मी उघडलं नाही, कशाला उघडू, मला पाठच होतं.

दोन पावसाळ्यांनंतर भात लावणीच्या दिवसांत एका बाईंना बैलगाडीतून आणलं. घोणस चावलेली. पोटरीच्या वर परकराचा नाडा करकचून बांधलेला, पाच तास तसाच, खालचा पाय काळानिळा, टम्म सुजलेला. घोणशीच्या विषाने तिथलं मांस तसंही खराब होतं, त्यात वरून रक्त अडवलेलं. मी तिच्या मुलावर ओरडले, कुणी सांगितलं हे बांधायला? तो पोरगा घाबरून खिडकीकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमच्या भिंतीवर लिव्हलंय की."

बाई वाचल्या. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याच संध्याकाळी मी स्वतः ब्लेडने ती ओळ खरवडली आणि वरून चुना मारला, तरी पुढचे दोन पावसाळे चुन्याखालून निळी अक्षरं दिसायची.

आता तू म्हणशील, तेव्हा सगळे तेच सांगायचे. हो, सांगायचे. आम्हाला तसंच शिकवलं होतं, गावोगावचे कंपाउंडर, मास्तर, कुणीही विचारलं की बांधायलाच सांगायचे, मी एकटी नव्हते. हे मी स्वतःला फार वर्षं सांगत आले आणि ते खोटंही नाही. पण भिंतीवर ओळ माझी होती.

म्हणून सांगते, जे स्वतः उघडून वाचलं नाहीस ते लिहू नकोस. पाठ असलं तरी नको, सरांनी लेक्चरमध्ये सांगितलं असलं तरी नको, इंग्रजी विकिपीडियावर असलं तरी नको.

आता माझं उलटवलं त्याची गोष्ट. २०१२ मध्ये सर्पदंशाच्या मराठी लेखात मी मण्यारबद्दल लिहिलं. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही, पहाटे पोटात कळ येते, उलटी होते, घरचे पित्त समजून सोडा-लिंबू देतात आणि उजाडेपर्यंत पापण्या मिटायला लागलेल्या असतात. एक अक्षर खोटं नव्हतं, हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. दुसऱ्या दिवशी त्यावर 'संदर्भ हवा'चा साचा, म्हणजे तशी सूचनेची पट्टी. मी चर्चा पानावर तावातावाने लिहिलं की मी अठरा वर्षं हे पेशंट बघतेय, तुम्ही किती बघितलेत? उत्तर आलं, "ताई, आपला अनुभव मोलाचा आहे, पण तो कुठे प्रसिद्ध झाला आहे का?" नव्हता झाला. मी लॉगआउट केलं ते तीन वर्षं फिरकले नाही. त्या तीन वर्षांत त्या लेखात कुणीतरी तुरटी लावायचा उपाय घालून गेलं आणि तो तसाच राहिला, कारण बघणारं कुणी नव्हतं. मी बघायला हवं होतं, मी रुसून बसले होते.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव तू ऐकलं असशीलच. ते माझ्यासारखेच खेड्यातले डॉक्टर, कोकणात विंचू चावून माणसं मरत होती, हृदय निकामी होऊन फुफ्फुसात पाणी भरत होतं. त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध देऊन पाहिलं आणि ८० च्या दशकात ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. म्हणून आज विंचूदंशावर लिहिणारा जगात कुठेही त्यांचा संदर्भ देऊ शकतो. माझ्याकडेही नोंदी होत्या, लाल पुठ्ठ्याच्या दोन वह्या. मी कधी काही छापलं नाही. वेळ नव्हता म्हणते मी, पण वेळ त्यांना तरी कुठे होता.

असो. तुझ्या लेखाकडे येऊ.

तू लिहिलंयस, "रुग्णास टोसिस व डिस्फेजिया आढळतो." अरे, हे तू एक्झामिनरसाठी लिहिलंस का? हा लेख कोण उघडणार, तर ज्याच्या आईला पहाटे उलट्या होतायत आणि ज्याच्या हातात फोन आहे तो. लिही की, "पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज घोगरा होतो." आणि 'कॉमन क्रेट'ला 'सामान्य क्रेट' काय? मण्यार म्हण. गावागणिक नाव बदलतं, तेही संदर्भ मिळाला तर टाक.

दुसरं, "त्वरित रुग्णालयात न्यावे, अँटिव्हेनमच्या १० वायल्स द्याव्यात" हे, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या कुप्यांचं वाक्य, काढ. विश्वकोश आज्ञा देत नाही. कोण काय शिफारस करतं एवढंच सांगतो, आणि डोस तर मुळीच लिहायचे नाहीत. त्याऐवजी हे लिही की भारतातलं पॉलिव्हॅलंट, म्हणजे एकाहून जास्त सापांवर चालणारं, अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांच्या विषाविरुद्ध बनवतात. मण्यारच्या पेशंटला अँटिव्हेनम देऊनही श्वास बंद पडू शकतो, अशा वेळी कृत्रिम श्वासावर माणूस तगतो, हे तर लिहीच, आणि उघडून वाचून लिही.

प्रथमोपचाराचा भाग सगळ्यात नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेची आग्नेय आशियासाठीची २०१६ ची मार्गदर्शिका आहे, तिच्यात घट्ट बांधणं, चिरा देणं, विष चोखणं हे सगळं नको म्हटलंय, पण नाग-मण्यारासारख्या चाव्यात रुंद पट्टीने सबंध हात-पाय गुंडाळून स्थिर ठेवायच्या पद्धतीला जागा दिलीय. आपल्याकडच्या सर्पदंश-उपचाराच्या राष्ट्रीय प्रोटोकॉलचा भर धीर देणं, अवयव हलू न देणं आणि दवाखान्यात पोचवणं यावर, पट्टीवर नाही. मग कोण बरोबर? ते ठरवणं तुझं काम नाही. दोन्ही उघड, दोन्ही वाच, कोण काय म्हणतं ते दोघांच्या नावाने लिही. इथे माझं कुणाशी पटत नाही, काही जुने सदस्य बातमीचं कात्रणही संदर्भ म्हणून चालवून घेतात आणि मी वैद्यकीय लेखात ते चालू देत नाही, मला हट्टी म्हणतात. म्हणोत. रिव्ह्यू (अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा) किंवा मार्गदर्शिका असेल तर आण, नाहीतर वाक्य काढ. मी यात मागे हटणार नाही, आणि हटत नाही ते बरोबरच करते.

कॉलेज याचे मार्क देत नाही ही तुझी तक्रार खरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ या वैद्यकीय विद्यापीठात डॉ. अमीन आझम यांनी २०१३ मध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी विकिपीडिया संपादनाचा कोर्स सुरू केला, रीतसर क्रेडिट देऊन. पहिल्या ४३ मुलांनी ४३ लेख सुधारले आणि ते कोर्सच्या काळातच ११ लाखांवर वेळा वाचले गेले. त्या मुलांनी नवे चांगले संदर्भ घातले आणि जुने कच्चे काढलेही. काढले, हे लक्षात घे. आणि आपल्याकडची म्हणशील तर केरळची नेथा हुसेन, मेडिकलला असतानाच विकिपीडियावर आली, मल्याळम आणि इंग्रजी दोन्हीत लिहिते, तिला कुणी मार्क दिले असतील असं मला वाटत नाही.

इंग्रजीत लिहायचं तर लिही, मी अडवत नाही. पण इंग्रजी लेखावर डझनभर डॉक्टर लक्ष ठेवून असतात, मराठीवर मी आणि आणखी दोघं-तिघं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात साधारण १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली असा अंदाज २०२० मध्ये छापून आलाय, म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार, त्यातली बहुतेक खेड्यातली. तो पेपरही मी सांगते म्हणून लिहू नकोस. उघड.

आज रात्री मुख्य लेखाला हात लावू नकोस. मार्गदर्शिकेतलं प्रथमोपचाराचं प्रकरण काढ, नीट वाच, मग तुझ्या धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या तुझ्या सरावाच्या पानावर, फक्त एक परिच्छेद लिही, सात-आठ ओळींचा, प्रत्येक ओळीपुढे पान नंबर. आणि ज्याने उलटवलं त्याच्या चर्चा पानावर जाऊन आधी आभार मान, मग विचार की यात काय राहिलं. मी तेव्हा हे केलं नाही. धूळपाटीची लिंक मला पाठव, मी दहापर्यंत जागी असते, आणि पाचही संदर्भ मी पुन्हा उघडणार आहे हे गृहीत धर.

तुझ्या मॅडम