हप्ता भरला, गोळी थांबली

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरीभाऊंचं पत्र आहे. वय 46, सहा एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर, दारात दोन म्हशी. वर्षाकाठी हातात दोन लाख उरतात. घरवाली 43 वर्षांची. तीन वर्षांपासून तिच्या उजव्या गालात करंट लागावा तशी कळ येते. घास चावताना, तोंड धुताना, नुसता वारा लागला तरी. आधी दाताचं दुखणं समजून दोन दाढा उपटल्या, कळ जागच्या जागी. मग नागपूरला एमआरआय झाला आणि ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’ (चेहऱ्याच्या नसेचं दुखणं) हे नाव कळलं. खासगी दवाखान्यानं ऑपरेशनचे साडेतीन लाख सांगितलेत. भाऊ विचारतात, ‘एक एकर विकू का? सात लाख येतात. की सावकाराकडून तीन टक्क्यांनी घेऊ? कापूस दहा हजारांवर गेला की फेडून टाकतो.’

सावकाराचे तीन टक्के महिन्याचे असतात, भाऊ. वर्षाचे 36. साडेतीन लाखांवर सव्वा लाख नुसतं व्याज. कापूस 2022 मध्ये दहा हजारांवर गेला होता, तेव्हापासून अख्खा जिल्हा त्याच भावाची वाट पाहतो आहे. 2025-26 चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 ठरला. हिशेब साडेसात हजारानंच करा.

वावराचंही तसंच. एकरी पाच क्विंटल धरले तर 37 हजार, खर्च जाऊन 12 हजार उरतात. सात लाखांच्या जमिनीवर दोन टक्केसुद्धा नाही. तेव्हा वावर विकणं पाप आहे असं मी म्हणणार नाही (आमच्या आईला हे वाचून दाखवू नका). पण अडलेल्याच्या जमिनीला भाव मिळत नाही, आणि विकायची वेळ आली आहे असं मला अजून वाटत नाही.

कारण पत्राच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: ‘मार्चमध्ये पॉलिसीचे हप्ते आले म्हणून दोन महिने तिच्या गोळ्या बंद होत्या. मग दुखणं लई वाढलं आणि डॉक्टर ऑपरेशन म्हणाले.’

ही ओळ मी तीनदा वाचली.

या दुखण्यावर पहिलं औषध कार्बामाझेपिन. महिन्याला काही शे रुपये. 500 धरा, वर्षाचे सहा हजार. तुमच्या दोन मनी-बॅक (मधूनमधून थोडे पैसे परत देणाऱ्या) पॉलिसींचा हप्ता वर्षाला 52 हजार, म्हणजे हातातल्या कमाईचा चौथा हिस्सा. त्या बदल्यात दोन्ही मिळून विमा सहा लाखांचा आणि परतावा पाचेक टक्के, तोही पुरता हातात यायला वीस वर्षं. 52 हजार वाचावेत म्हणून सहा हजारांची गोळी थांबवली नाही तुम्ही. 52 हजार भरता यावेत म्हणून थांबवली! ज्यानं ह्या पॉलिसी गळ्यात मारल्या त्यानं तुमची कमाई तरी विचारली होती का?

दोनांपैकी सात वर्षं भरलेली पॉलिसी ‘पेड-अप’ करून घ्या. हप्ता बंद होतो, भरलेल्या पैशाच्या प्रमाणात रक्कम मुदतीला मिळते. दुसरी, गेल्या वर्षी घेतलेली, आजच्या तारखेला मोडली तर काय मिळेल ते कार्यालयातून लेखी घ्या. एजंट ‘नुकसान होईल’ म्हणेल. झालेलं आहे, आता वाढवू नका. तोवर बँकेत प्रधानमंत्री जीवनज्योती विमा काढा, वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचं संरक्षण. पन्नाशीच्या आत नाव घालावं लागतं.

हाच एजंट आता मेडिक्लेम घेऊन देतो म्हणतो, ‘दुखणं फॉर्मवर लिहू नका’ या अटीवर. भरती होताना केसपेपरवर पहिलंच वाक्य ‘तीन वर्षांपासून वेदना’ असं असेल. दावा फेटाळतील, पॉलिसीही रद्द करतील. खरं लिहिलं तरी आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं. या ऑपरेशनचा एक रुपयाही त्यातून निघणार नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधार आणि शिधापत्रिका घेऊन सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या सरकारी सुपर स्पेशालिटी दवाखान्यात जा, तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) विचारा की हे ऑपरेशन योजनेत या दवाखान्यात होतं का. पैसे भरण्याआधी विचारा.

मी डॉक्टर नाही, पण 500 रुपये आणि साडेतीन लाख यांतला फरक माझा विषय आहे. गोळी पुऱ्या डोसनं घेऊनही भागत नसेल किंवा सोसत नसेल, तेव्हा ऑपरेशनची पाळी येते. तुमच्या केसमध्ये गोळीला पुरती संधी मिळाली का, हे न्यूरॉलॉजिस्टला विचारा. दोन महिने बंद होती हे लपवू नका. स्वतःहून पुन्हा सुरू करू नका, डोस हळूहळू चढवतात, मधे रक्त तपासतात.

ऑपरेशन लागलंच तर कोणतं, तेही विचारा. कानामागून कवटी उघडून नसेवर दाबणारी रक्तवाहिनी बाजूला करतात, ते मोठं. दहा वर्षांनीही शंभरात सत्तरेक जण बरे असतात. म्हणजे तीस नसतात, ‘जन्माची कटकट मिटेल’ हे धरून कर्ज काढू नका. गालातून सुई घालून नस भाजतात किंवा फुग्यानं दाबतात, ते स्वस्त. पण गाल बधिर होतो आणि काही वर्षांनी कळ परतू शकते. गामा नाइफ म्हणजे किरणांचा उपचार, त्याला चिरफाड नाही, गुण यायला मात्र आठवडे-महिने जातात. तिच्या वयाला तब्येत साथ देत असेल तर बहुधा पहिलंच सुचवतात.

पुढचा हप्ता कोणत्या तारखेला आहे ते तुम्ही लिहिलं नाही. पेड-अपचा अर्ज त्याआधी द्या, आणि पोच घ्या.