घरचा आहेर देण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचा लेखाचा मसुदा मिळाला. पक्ष ज्या वाटेने चालला आहे ती तुला पटत नाही, आणि आता हे जाहीरपणे बोलायचं तू ठरवलं आहेस. बोलू नकोस असं मी सांगणार नाही. बाहेरून आलेली टीका पक्ष विरोधकांचं कारस्थान म्हणून झटकून टाकतो. ज्याने सतरंज्या उचलल्या, सभा लावल्या, मतदारयाद्या घोटल्या त्याचं बोलणं तसं झटकता येत नाही. म्हणूनच ते नीट बोललं गेलं पाहिजे. तुझा मसुदा आहे तसा छापून आला तर त्याची दोन दिवस बातमी होईल आणि मग ती विरून जाईल.

कारण त्यात एकही निर्णय नाही. पक्ष भरकटला, मूल्यांशी फारकत घेतली, कार्यकर्त्याला कुणी विचारत नाही: ही वाक्यं कुठल्याही पक्षातला कुणीही नाराज माणूस लिहू शकतो, आणि तिकीट कापलं गेलेला तर हमखास लिहितो. दिशा बदलली म्हणतोस, तर ती कोणत्या बैठकीत, कोणत्या ठरावाने, कोणाला दिलेल्या उमेदवारीने बदलली? जाहीरनाम्यात काय लिहिलं होतं आणि सत्तेत आल्यावर काय केलं? हे समोरासमोर मांड. विशेषणं मग आपोआप गळून पडतील.

फिरोज गांधी सत्ताधारी काँग्रेसचे खासदार होते, पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. डिसेंबर १९५७ मध्ये त्यांनी लोकसभेत आपल्याच सरकारला विचारलं, की नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर कोणाच्या सांगण्यावरून घेतले. देश लुटला जातोय असा आक्रोश त्यांनी केला नाही. कोणत्या कंपन्या, कोणती खरेदी, विमाधारकांचा किती पैसा, एवढ्यावरच ते अडून बसले. सरकारला न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमावा लागला, त्याची सुनावणी उघड झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधी शेवटपर्यंत काँग्रेसमध्येच राहिले. विमा व्यवसाय त्यांनी आधीपासून अभ्यासला होता. खासगी विमा कंपन्यांतल्या गैरव्यवहारावर ते १९५५ मध्येच संसदेत बोलले होते. तुझाही असा एखादा विषय असेल, ज्यात तुला उडवून लावणं कुणालाही जमणार नाही. तिथूनच सुरुवात कर. बाकीच्या तक्रारी खऱ्या असल्या तरी या लेखातून काढून टाक.

आता हेतूबद्दल. या भागावर मला जास्त बोलायचं आहे, कारण घाव इथेच बसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये यशवंत सिन्हा यांनी भाजपमध्ये असताना वर्तमानपत्रात लेख लिहून आपल्या सरकारच्या आर्थिक धोरणावर टीका केली. ते स्वतः अर्थमंत्री राहिलेले, आणि एप्रिल ते जून या तिमाहीत विकासदर ५.७ टक्क्यांवर आल्याचा आकडा त्यांनी दिला होता. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी उत्तर देताना त्यांना ऐंशीव्या वर्षी नोकरी शोधणारा उमेदवार म्हटलं. लेखाच्या दुसऱ्याच दिवशी केंद्रात मंत्री असलेल्या यशवंत सिन्हांच्या मुलाने, जयंत सिन्हा यांनी, सरकारची बाजू मांडणारा लेख लिहिला. मग चर्चा रंगली ती बाप-लेकाची आणि हुकलेल्या पदाची. एप्रिल २०१८ मध्ये सिन्हांनी पक्ष सोडला.

तुझ्या बाबतीतही पहिला प्रश्न हाच येईल: याला काय हवं होतं जे मिळालं नाही? म्हणून लेख देण्याआधी कागद घेऊन बस आणि पक्षाकडे तू आजवर काय काय मागितलंस ते लिही. पद, उमेदवारी, महामंडळावरची नेमणूक, नातेवाइकासाठी टाकलेला शब्द, सगळं. त्यातली एखादी मागणी अजून वर पडून असेल तर ती आधी लेखी मागे घे. मागून न मिळालेलं काही असेल तर लेखात स्वतःच सांगून टाक. दुसऱ्याने उकरून काढलं की तो आरोप होतो. आणि उमेदवारांची यादी लागते त्या आठवड्यात मुळीच लिहू नकोस. त्या दिवसांत खरं बोलणाऱ्याकडेही लोक संशयानेच पाहतात, आणि त्यांचं चुकत नाही.

आत बोलून झालं आहे का? कार्यकारिणीत विषय मांडलास, तो इतिवृत्तात आला, अध्यक्षांना सहीचं पत्र दिलंस, त्याची पोच घेतलीस? हे झालं नसेल तर आधी ते कर, वाजवी वाट पाहा, मग बाहेर बोल. बोलशील तेव्हा स्वतःच्या नावाने बोल. पत्रकाराच्या कानात सांगून ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ छापून आणण्याचा मोह होतो, तो टाळ. २०२० मध्ये काँग्रेसच्या २३ नेत्यांनी सोनिया गांधींना पत्र लिहिलं. पूर्णवेळ, दिसणारं नेतृत्व हवं, पक्षांतर्गत निवडणुका घ्या, अशा त्यातल्या मागण्या कुणालाही समजाव्यात इतक्या सरळ होत्या. पण २४ ऑगस्टच्या कार्यकारिणी बैठकीआधी पत्र फुटलं आणि वाद पेटला तो पत्र कोणी फोडलं आणि हीच वेळ का साधली यावर. पक्षाध्यक्षपदाची निवडणूक झाली ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर सह्या करणाऱ्यांपैकी कपिल सिब्बल आणि गुलाम नबी आझाद पक्षाबाहेर पडले होते. सही करणारे शशी थरूर मात्र थांबले, उभे राहिले, आणि मल्लिकार्जुन खर्गे यांच्या ७,८९७ मतांपुढे १,०७२ मतं घेऊन हरले. त्या हरण्याचं मला मोल वाटतं. एक हजारांवर प्रतिनिधींनी वेगळं मत दिलं हे निदान मोजलं गेलं.

विरोधकांच्या हाती कोलीत देतोस, असंही तुला ऐकवतील. अमेरिकेत मार्गारेट चेस स्मिथ या रिपब्लिकन सिनेटर १ जून १९५० रोजी आपल्याच पक्षाच्या जोसेफ मॅकार्थींच्या, लोकांना कम्युनिस्ट ठरवत सुटलेल्या चिखलफेकीविरुद्ध उभ्या राहिल्या. भाषणात त्यांनी मॅकार्थींचं नाव घेतलं नाही, आणि डेमोक्रॅटिक सरकारलाही धारेवर धरलं, त्यामुळे त्या शत्रूला मिळाल्या असं म्हणायला जागा उरली नाही. सहा रिपब्लिकन सिनेटर त्यांच्या निवेदनात सामील झाले. मॅकार्थींनी त्यांची टर उडवली, आणि एका चौकशी उपसमितीतून त्यांना हटवण्यात आलं. सिनेटने मॅकार्थींचा निषेध केला तो डिसेंबर १९५४ मध्ये, ६७ विरुद्ध २२ मतांनी. मधली चार वर्षं स्मिथ यांनी काढली. तुझ्या मसुद्यात फळ लगेच दिसेल अशी अपेक्षा आहे, ती मला धोक्याची वाटते.

तू उद्या निवडून आलास तर कायद्याचीही जाण ठेव. पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची १९८५ ची. पक्षादेशाविरुद्ध मतदान केलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. नुसत्या टीकेने ते जात नाही. पण पक्ष स्वेच्छेने सोडल्याचा निष्कर्ष वागणुकीवरूनही काढता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं आहे. शरद यादव २०१७ मध्ये आपल्या पक्षाचा विरोध असताना दुसऱ्या पक्षाच्या सभेला गेले आणि त्याच डिसेंबरमध्ये राज्यसभेतून अपात्र ठरले. म्हणजे लेख लिही, सभागृहात बोल, पण दुसऱ्यांच्या व्यासपीठावर चढू नकोस.

किंमत मोजावी लागेल. इंदिरा गांधींच्या सरकारातले मोहन धारिया आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी संवाद साधा म्हणत राहिले, मार्च १९७५ मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. चंद्रशेखर काँग्रेसच्या कार्यसमितीवर असतानाच आणीबाणीत तुरुंगात गेले. तुझ्या वाट्याला बहुधा कारणे दाखवा नोटीस येईल, बैठकांचे निरोप बंद होतील, फोन उचलले जाणार नाहीत. नोटिशीचं उत्तर मुदतीत आणि मुद्द्यापुरतं दे, रागात एकही ओळ लिहू नकोस.

आणखी एक काम राहतं. तुझ्याबरोबर दारोदार फिरलेले जे कार्यकर्ते आहेत, त्यांना हे सगळं वर्तमानपत्रातून कळू देऊ नकोस. लेख जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना बोलाव, वाचून दाखव. तू पदाधिकारी आहेस, तुला नोटीस येईल. त्यांना गल्लीत रोज उत्तरं द्यावी लागतील. एखादा म्हणेल की आम्हाला हे पटत नाही. त्याचं पूर्ण ऐकून घे, आणि त्याचा मुद्दा बरोबर असेल तर छापायला देण्याआधी तो परिच्छेद बदल.

तुझा,
पक्षातला एक जुना सहकारी