नकाराचा मेल कुणाचा?

प्रश्न : मुलगी २५ वर्षांची, भौतिकशास्त्रात पीएचडीचं दुसरं वर्ष, जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) आहे. फ्रान्समधल्या लेझूश इथे सॉफ्ट कंडेन्स्ड मॅटर (फेस, पेस्ट, जेल अशा मऊ पदार्थांचं भौतिकशास्त्र) या विषयाच्या चार आठवड्यांच्या समर स्कूलसाठी तिची निवड झाली आहे. यातून ना पदवी, ना नोकरी. साबणाचा फेस आणि टूथपेस्ट यांत कसलं आलंय फिजिक्स? त्यापेक्षा तिने राज्यसेवेचा अभ्यास करावा. थोरला मुलगा कंपनीतर्फे जर्मनीत असतो, पण मुलीला एकटीला पाठवणं जिवावर येतं. नकाराचा मेल मी लिहून ठेवला आहे. आपला सल्ला कळवावा.
– एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात मुलीचं म्हणणं शोधत होते. एक ओळसुद्धा सापडली नाही. निवड तिची, अर्ज तिचा, आणि नकार मात्र तुम्ही लिहून तयार! तो पाठवणार कुठून, तिच्याच मेलवरून? पासवर्ड तुमच्याकडे आहे का, हे विचारायचंही धाडस होत नाही. २५ वर्षांची मुलगी, महिन्याला ३७,००० रुपयांची फेलोशिप स्वतःच्या हिमतीवर मिळवलेली. थोरल्याला जर्मनीला धाडताना तुम्ही कुणा समुपदेशकाला पत्र लिहिलं होतंत का? नसणार. मग हिच्याच वेळी का, याचं उत्तर मला नको, तिला द्या.

राज्यसेवेच्या जाहिराती पुढेही येतील. तिला खरंच अधिकारी व्हायचं असेल तर खुशाल व्हावं, पण तसं तिने म्हटल्याचं तुमच्या पत्रात दिसत नाही.

आता टूथपेस्ट. ब्रशवर ती उभी राहते, ओघळत नाही, म्हणजे घन. ट्यूब दाबली की वाहते, म्हणजे द्रव. ठरावीक जोराच्या आत एक वागणं आणि त्यापुढे दुसरं, हे का होतं? शेव्हिंग फोम तर बव्हंशी वायूच, बाकी थोडं साबणाचं पाणी, तरी तळहातावर ढिगासारखा राहतो. रंग, मलम, दही, रक्त, सगळ्यांची हीच गत. यांचे घटक अणूंपेक्षा कितीतरी पटींनी मोठे, आणि त्यांना धरून ठेवणारं बळ इतकं नाजूक की पुष्कळदा खोलीच्या तापमानाला होणारी रेणूंची चुळबुळसुद्धा रचना हलवते. म्हणून बोटाच्या दाबाने सगळं बदलतं. हे गणित सोपं नाही हो! लिक्विड क्रिस्टल (द्रवासारखे वाहणारे, तरी रेणूंची काहीशी शिस्त राखणारे पदार्थ) आणि पॉलिमर (लांब साखळीसारखे रेणू) यांवरच्या कामासाठी फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांना १९९१ चं नोबेल मिळालं. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये चकतीसारख्या रेणूंचे लिक्विड क्रिस्टल शोधले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) पॉलिमरवर कित्येक वर्षं काम चालू आहे. रंगाच्या, औषधाच्या, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनाही ही माणसं लागतात.

लेझूशची शाळा सेसिल दविट-मोरेट यांनी १९५१ मध्ये सुरू केली, शामोनीजवळ, आल्प्सच्या उतारावर. तरुणपणी द जेनही तिथे विद्यार्थी होते. सकाळी व्याख्यान देणाराच रात्री जेवायला शेजारी बसतो. वर्गात फळ्यासमोर न विचारलेला प्रश्न जेवताना विचारता येतो, आणि पुढच्या पोस्ट-डॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) ओळख बरेचदा अशीच होते. सर्टिफिकेटवर यातलं काही छापलेलं नसतं.

खरी अडचण पैशांची असू शकते, आणि त्या अडचणीबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही. फीमध्ये सवलत मिळते का, हे तिने आयोजकांना विचारावं. प्रवासखर्चासाठी गाइडशी बोलून सरकारी योजनांचे सध्याचे नियम पाहावेत. रजेचं पत्रही गाइडकडूनच घ्यायचं आहे.

तो मेल डिलीट करा. तिला न जाण्याचं स्वतःचं कारण असेल तर नकार तिचा ती लिहील. जायचं असेल तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटचं आजच बघायला सांगा, उन्हाळ्यात तारखा मिळेनाशा होतात.