वाचक विचारतात : घड्याळ घसरलं की मोजणी?

प्रश्न : माझ्याकडे टेलिकॉमच्या जुन्या उपकरणातून काढलेलं रुबिडियम स्टँडर्ड (रुबिडियमच्या अणूंवर चालणारं अचूक घड्याळ) आहे आणि जीपीएसला लॉक केलेला एक क्वार्ट्झ ऑसिलेटर. दोघांचे १० मेगाहर्ट्झ डिव्हायडरमधून (आवर्तनं मोजून ठराविक संख्येमागे एकच पल्स सोडणारं सर्किट) खाली आणून सेकंदाला एक पल्स केला आणि दोन पल्समधलं अंतर चोवीस तास काउंटरवर नोंदवलं. काउंटर १०० पिकोसेकंदांपर्यंत वाचतो. १०० सेकंदांना ॲलन डेव्हिएशन (घड्याळाची सरासरी गती एका कालखंडातून पुढच्यात किती हलते याचं माप) लाख कोटीत ३४ भाग आलं. रुबिडियमच्या माहितीपत्रकात लाख कोटीत ३ दिलंय. आलेखाचा उतार माहितीपत्रकासारखाच आहे, फक्त सगळी रेषा वर सरकली आहे. रुबिडियमच्या अणूंवर प्रकाश टाकणारा आतला दिवा म्हातारा झाला का? बदलू का?

उत्तर : दिव्याला हात लावू नका. तुम्ही पत्रासोबत फाइल पाठवलीत हे फार बरं केलंत. मी ॲलन डेव्हिएशनकडे न बघता आधी फेजचा, म्हणजे दोन पल्समधलं अंतर वेळेबरोबर कसं बदललं याचा आलेख काढला. रात्रभर रेषा एका सौम्य चढाने चालली आहे. पहाटे पावणेचारच्या सुमारास एका सेकंदात ती वर उडाली आणि पुढे त्याच चढाने, पण नव्या पातळीवरून चालत राहिली. चोवीस तासांत एवढंच घडलं आहे. ८६,४०० नोंदींतली ही एक उडी वगळली, तर तुमचं रुबिडियम माहितीपत्रकाइतकंच चांगलं आहे.

एका उडीने सगळा आलेख कसा बिघडतो, ते बघा. फेजमध्ये एकच कायमची उडी असेल तर तिच्यामुळे येणारं ॲलन डेव्हिएशन काढायला उडीचं माप घ्यायचं आणि त्याला सरासरीचा काळ व मोजणीचा एकूण काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागायचं. १०० गुणिले ८६,४००, त्याचं वर्गमूळ साधारण २,९४०. तुमची उडी १०० नॅनोसेकंदांची. भागाकार येतो लाख कोटीत ३४. तुमचाच आकडा.

आणि खरी फसगत उताराची आहे. या सूत्रात सरासरीचा काळ वर्गमुळाखाली आहे, म्हणजे काळ शंभरपट झाला की डेव्हिएशन दहापट उतरतं. रुबिडियमचा स्वतःचा नॉइज, म्हणजे सतत चालणारी बारीक थरथरही नेमकी अशीच उतरते. म्हणून उडीने भरलेला आलेख बिघडलेल्या रुबिडियमसारखा दिसतो, आणि सराईत माणूसही तो बघून दिवा बदलायला निघतो. डेव्हिड ॲलन यांनी १९६६ साली मांडलेलं हे माप मला मनापासून आवडतं, पण ते नॉइज मोजण्यासाठी आहे. अपघातही ते नॉइजच्या खात्यात टाकतं आणि तुम्हाला कळवत नाही. काही प्रोग्रॅम फाइल उघडताक्षणी थेट ॲलन डेव्हिएशन दाखवतात आणि फेजचा आलेख मेनूत खोल ठेवतात. हे मला अजिबात पटत नाही.

आता ही उडी आली कुठून? तिचं माप बारकाईने घेतलं की बरंच कळतं. उडीच्या आधीच्या वीस नोंदींना मी एक सरळ रेषा बसवली, नंतरच्या वीस नोंदींना दुसरी, आणि दोन्ही उडीच्या क्षणापर्यंत वाढवल्या. अंतर १०० नॅनोसेकंद आलं, फार तर दोन-तीन दशांश इकडेतिकडे. १० मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला १०० नॅनोसेकंदच लागतात. म्हणजे कुणीतरी एक आवर्तन मोजायचं चुकलं, किंवा एक जास्त मोजलं. रुबिडियमचा अणू ६.८३ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. दिवा मंदावला किंवा आतलं तापमान हललं तर फ्रिक्वेन्सी सरकेल, म्हणजे फेजच्या रेषेचा चढ बदलेल. तुमचा चढ उडीच्या आधी आणि नंतर तोच आहे. अणूला १० मेगाहर्ट्झचं अख्खं आवर्तन गिळायचं काही कारण नाही. डिव्हायडरला आहे.

डिव्हायडरच्या इनपुटला स्कोप (ऑसिलोस्कोप) लावा. तिथे साइन वेव्ह थेट लॉजिक चिपच्या पिनवर जात असेल, मध्ये श्मिट ट्रिगर (चढताना आणि उतरताना वेगवेगळा उंबरठा असलेलं सर्किट) नसेल, तर संशयाला पुरेशी जागा आहे. १ व्होल्ट शिखराची १० मेगाहर्ट्झची साइन शून्य ओलांडताना नॅनोसेकंदाला ६३ मिलिव्होल्ट चढते. एरवी हे पुरेसं असतं. पण मेन्समधून किंवा ग्राउंडच्या वायरीतून एक ठणका आला, तर उंबरठा एका आवर्तनात दोनदा ओलांडला जातो आणि डिव्हायडर दोन मोजतो. खात्री करायला मोजणी चालू असताना त्याच प्लगपट्टीवरची सोल्डरिंग आयर्न चालू-बंद करा. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होण्याची वाटही बघता येईल, पण आयर्न लवकर उत्तर देते. काउंटरचं वाचन १०० नॅनोसेकंदांनी हललं की चोर सापडला. मग श्मिट ट्रिगर बसवा, डिव्हायडरला वेगळा, नीट फिल्टर केलेला पुरवठा द्या.

एक शक्यता मात्र उरते. जीपीएसला लॉक केलेले काही ऑसिलेटर सिग्नल तुटून परत आला की स्वतःची पल्स सरकवून वेळ जुळवून घेतात. त्याच्या लॉगमध्ये पावणेचारला होल्डओव्हरची (जीपीएस नसताना स्वतःच्या भरवशावर चालण्याची) नोंद आहे का, तेवढं बघा. दोन उपकरणांच्या तुलनेत उडी कुणाची हे आलेख कधीच सांगणार नाही. तिसरा ऑसिलेटर जोडलात तर सांगेल : ज्या दोन जोड्यांत उडी दिसते, त्या दोन्हींत जो आहे तो दोषी. तिन्ही जोड्यांत एकाच सेकंदाला दिसली तर काउंटरकडे किंवा वीजपुरवठ्याकडे वळा.

प्रश्न : जीपीएस रिसीव्हरची पल्स आणि माझ्या ऑसिलेटरची पल्स यांची तुलना करताना वाचन मधूनच २० नॅनोसेकंदांनी उडतं आणि परत येतं. ऑसिलेटरच्या पल्सवर काउंटरपाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून पुढे दोन मीटर केबलने स्कोप जोडला आहे, तिथे पल्स छान दिसते. दोन्ही इनपुट १ मेगाओहमवर आहेत, काउंटरचा ट्रिगर, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो पल्स आली असं धरतो ती पातळी, २.५ व्होल्टवर. हा रिसीव्हरचा करवती दोष (करवतीच्या दात्यांसारखी चढउतार करणारी चूक) असेल का?

उत्तर : नाही. रिसीव्हर आपली पल्स स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावरच सोडू शकतो, त्यामुळे करवती दोष येतो हे खरं. पण तो सहसा मधल्या सगळ्या किमतींतून फिरत जातो. तुमचं वाचन दोनच पातळ्यांवर बसतंय, मध्ये काही नाही. शिवाय उत्तर तुमच्या पत्रातच आहे, त्या टीमध्ये.

तुमच्या ऑसिलेटरचं आउटपुट ५० ओहमचं असेल, तर ५ व्होल्टची पल्स केबलमध्ये शिरताना निम्मी, म्हणजे २.५ व्होल्टची असते. ती टीपाशी येते, पुढे स्कोपकडे जाते, तिथलं टोक १ मेगाओहमवर, म्हणजे जवळपास उघडं असल्यामुळे तशीच परत फिरते आणि टीपाशी पोचल्यावर व्होल्टेज ५ होतं. साध्या पॉलिथिनच्या केबलमध्ये सिग्नलला मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात. दोन मीटर जायला १०, यायला १०. तेवढे २० नॅनोसेकंद काउंटरला चढत्या कडेच्या मधोमध एक सपाट पायरी दिसते, २.५ व्होल्टवर. आणि तुम्ही ट्रिगर नेमका त्या पायरीवर ठेवला आहे. थोडा नॉइज वर झाला तर काउंटर पायरीच्या सुरुवातीला ट्रिगर होतो, खाली झाला तर शेवटी. स्कोपवर मात्र पल्स छान दिसणारच, कारण केबलच्या शेवटच्या टोकाला ही पायरी नसतेच.

टी काढा, काउंटरचं इनपुट ५० ओहमवर न्या. आता पल्स २.५ व्होल्टची येईल, तेव्हा ट्रिगर सव्वा व्होल्टच्या आसपास ठेवा. स्कोप हवाच असेल तर बफरच्या (सिग्नलच्या स्वतंत्र प्रती देणारं सर्किट) वेगळ्या आउटपुटवरून घ्या.

प्रश्न : वाचन ३ नॅनोसेकंद, २, १ असं उतरत येतं आणि एकदम ०.९९९९९९९९९ सेकंद होतं. काउंटर बिघडला का?

उत्तर : काउंटर ठणठणीत आहे. मोजणी थांबवणारी स्टॉपची पल्स ती सुरू करणाऱ्या स्टार्टच्या आधी येऊ लागली, म्हणून तो पुढच्या सेकंदाच्या स्टॉपची वाट बघतोय. डिव्हायडर रीसेट करून दोन पल्समध्ये काही मायक्रोसेकंदांचं अंतर ठेवा. लांब केबल घालूनही अंतर पाडता येतं, पण केबलची लांबी खोलीच्या तापमानाबरोबर हलते आणि तेही तुमच्या मोजणीत उतरतं.

प्रश्न : विचित्र बिंदू सरळ काढून टाकले तर चालतात का? किती दूरचा बिंदू विचित्र धरायचा?

उत्तर : शोधताना फेजऐवजी फ्रिक्वेन्सीचा डेटा, म्हणजे फेजच्या लागोपाठच्या नोंदींमधले फरक घ्या. फेजमधली पायरी तिथे एकाच बिंदूचा टोकदार काटा होते आणि लगेच नजरेत भरते. सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन वापरू नका, कारण तो काटा या दोन्हींना आपल्याकडे ओढून घेतो. मीडियन (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घ्या, प्रत्येक बिंदूचं मीडियनपासूनचं अंतर काढा, त्या अंतरांचा पुन्हा मीडियन घ्या. त्याच्या पाचपटीपलीकडचे बिंदू तपासायला वेगळे काढा. तपासायला म्हणतेय, उडवायला नाही. क्वार्ट्झ खरोखरच फ्रिक्वेन्सीत उडी मारतो, आणि ती उडी पुसून टाकलीत तर ऑसिलेटरबद्दल कळण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्हीच पुसलीत.

बिंदू काढलात तर त्याची जागा रिकामी ठेवा. फेजच्या फाइलमधली ओळ काढून पुढच्या ओळी वर सरकवल्या की नवी उडी तयार होते : फ्रिक्वेन्सीचा फरक अब्जात एक असेल तर सेकंदाच्या एका ओळीमागे १ नॅनोसेकंद. संगणकाने लॉगमधली एखादी ओळ गाळली तरी हेच होतं, म्हणून प्रत्येक नोंदीपुढे वेळ हवीच. पहिल्या पत्रातल्यासारखी एका आवर्तनाची उडी सिद्ध झाली असेल, तर पुढच्या सगळ्या नोंदींतून १०० नॅनोसेकंद वजा करा. तिथे काहीच काढावं लागत नाही.

मूळ फाइलला मी हात लावत नाही. दुरुस्ती नेहमी प्रतीवर, आणि काढलेल्या प्रत्येक बिंदूपुढे वेळ आणि कारण लिहिलेलं असतं. कारण सापडलं नसेल तर आलेख दोनदा छापते, त्या बिंदूसकट आणि त्याच्याविना.